अर्धाच पाहिलेला सिनेमा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? कुणास ठाऊक. पण आता पोटात राहत नाही, एवढं खरं.

छत्रपती संभाजीनगरात मी बरीच वर्षं एक फिल्म क्लब चालवला. महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये जुने, नावाजलेले सिनेमे दाखवायचो. आधी माझी प्रस्तावना, शेवटी चर्चा — आणि मधे? मधे मी बाहेर असायचो. अर्ध्या तासात मला जांभया सुरू व्हायच्या. मग काहीतरी काम निघाल्यासारखं दाखवून कँटीनला जायचो, चहा घ्यायचो, शेवटच्या दहा मिनिटांना परत. प्रस्तावना जुन्या मासिकांतून जुळवलेली असायची. लोक म्हणायचे, सरांचा व्यासंग दांडगा. मी मान खाली घालायचो — त्यांना तो विनय वाटायचा.

पण नुसता दिखाऊपणाच असता, तर मी लिहायला बसलो नसतो.

सुनंदाताई आमच्या ग्रंथालयात होत्या. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायच्या. क्लबला मीच त्यांना बोलावलं होतं. पहिल्या रांगेत बसून त्या वहीत काहीबाही टिपायच्या. चर्चेत मात्र गप्प. आपल्याला सिनेमावर लिहायचंय, असं त्यांनी मला एकदा लाजत सांगितलं होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. चिकलठाण्याकडं नवनव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आसपासच्या गावांत तर टँकरच. प्रसंगाला धरून मी दुष्काळावरचा एक गाजलेला सिनेमा लावला. त्यात सुरुवातीलाच नायिका भरलेली घागर कमरेवर घेऊन माळावरून येते, थांबते, आभाळाकडं बघत राहते — बराच वेळ. या दृश्याचं कौतुक मी प्रस्तावनेतच करून ठेवलं होतं.

चर्चेत सुनंदाताई पहिल्यांदाच उठल्या. म्हणाल्या, "सर, मला तर कायबी वाटलं नाय. भरली घागर घेतली की बाई एका अंगाला कलती. ही तर ताठ चालतीय. अन् अशी आभाळाकडं बघत थांबली, तर दुसऱ्या हंड्याचा नंबर जाईल की तिचा!"

बाई खरं बोलल्या होत्या. मलाही ते दृश्य खोटंच वाटलं होतं — का, ते कळलं नव्हतं इतकंच. आणि मी काय केलं? हसलो. म्हणालो, "ताई, हा सिनेमा आहे, पाणीपुरवठ्याचा अहवाल नाही. बघायला नजर तयार व्हावी लागते."

सगळे खदखदून हसले. ताईंनी वही मिटली. पुढच्या महिन्यापासून शनिवारी त्या काम संपलं की सरळ स्टँड गाठायच्या.

भ्यालो होतो मी. त्यांचं खरं ठरलं, तर माझं काय राहणार होतं?

याहून वाईट पुढंच आहे. काही वर्षांनी एका दिवाळी अंकानं लेख मागितला — थोर मानलेले जुने सिनेमे आजच्या प्रेक्षकाला का भिडत नाहीत? मी लिहिलं, की त्यातले कष्ट लांबून पाहून रंगवलेले आहेत आणि समोर बसलेला प्रेक्षक ते अंगावर काढून आलेला आहे. उदाहरण दिलं त्या घागरीचं. कलणारं अंग, हुकणारा नंबर — सगळं. 'माझ्या लक्षात आलं' असं लिहून. लेखाचं कौतुक झालं. अजूनही कुणीकुणी आठवण काढतं.

मग एक दिवस सुनंदाताईंचा फोन आला. निवृत्त होऊन त्या गावीच होत्या. नाव ऐकताच मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता — तो असता तर बरं झालं असतं.

"सर, लेख वाचला. तुम्हाला बी तवाच तसं वाटलं होतं का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. मी म्हणालो, "नाही हो, अलीकडंच सुचलं."

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "मी तर लिहायचं तवाच सोडून दिलं, सर. म्हटलं, आपल्याला नजरच नाय."

मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.