मावशीनं निवडलेलं ट्रायपॉडचं डोकं

शूटिंगवाली मावशी ही मांडवातली सगळ्यात सावकाश बाई. बाकीच्यांची धावपळ चाललेली असायची आणि ही कॅमेऱ्याचं हँडल धरून अशी वळायची, की शेजारी बसलेल्यालाही कळू नये. मी फोटो काढायचे, ती व्हिडिओ. मंगरूळपीर भागातली कितीतरी लग्नं आम्ही दोघींनी मिळून केली. "तुह्या फोटोत मानूस थांबते," ती म्हणायची, "माह्या कॅमेऱ्यात तो चालते. मंग आपल्यालेबी त्याच्यासंग चालाव लागते."

लग्नघरी पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "घरातलं सगळ्यात मातारं मानूस कोन?" नवरीच्या आधी ती त्यांचं शूटिंग करायची. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "नवरीले काय, समदेच पाहून राह्यले."

साठीनंतर तिचा उजवा हात थरथरू लागला. औषधानं थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका घरी लग्नाचा व्हिडिओ पाहताना नवऱ्या मुलानं हसत विचारलं, "मावशी, मांडवात भूकंप झालता काय?" सगळ्यात मोठ्यानं तीच हसली. परतताना ऑटोत मात्र तिनं उजवा हात पदराखाली घेतला. मंगरूळपीर आलं तेव्हा म्हणाली, "काम सोडाचं मन नाई वं माहं."

दोष एकट्या हाताचा नव्हता. ट्रायपॉडचं डोकं, म्हणजे कॅमेरा बसतो तो वळणारा भाग, जुनं झालं होतं. ते झटके देत फिरायचं. म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन अकोल्याला गेलो.

दुकानदारानं आधी गोळ्यावर फिरणारं डोकं दाखवलं. मावशीनं कॅमेरा चढवला, पेच सैल केला, तसं कॅमेऱ्याचं नाक धाडकन खाली गेलं.

"दादा, हे तर पेंगून राह्यलं!"

मग त्यानं फ्लुइड हेड काढलं. आत घट्ट तेल असतं, त्यामुळे ते एकसारखं वळतं, वगैरे तो सांगू लागला. "तुमी बोलू नका, मले वळवू द्या," म्हणत तिनं ट्रायपॉड थेट दुकानाच्या दारात मांडला. रस्त्यानं पेरूची हातगाडी चालली होती. मावशीनं तिच्या मागोमाग कॅमेरा वळवला. चित्र जरा हललं. तिनं खटका फिरवून वळण आणखी जड केलं आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभी राहिली. या वेळी हँडलवर हात थरथरत होता, पण पडद्यावर गाडी संथ सरकत गेली. मावशी थांबली, चित्रही जागच्या जागी थांबलं. हँडल सोडलं तरी कॅमेरा झुकला नाही.

"ताई, याहून हलकं पण आहे," दुकानदार म्हणाला.

"हलकं कायले? माह्या हातापेक्षा दमदार पायजे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पाह्य वं, हा माहाच हात आहे का?"

ते डोकं घेतल्यानंतरचं पहिलं लग्न आसेगावच्या एका बौद्ध कुटुंबातलं. नवरीचे आजोबा बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावायला काठी टेकत उठले. आधार द्यायला दोघं-तिघं धावले. मावशीनं डावा हात वर करून त्यांना रोखलं आणि खुर्चीपासून मूर्तीपर्यंतची त्यांची चाल एका दमात टिपली. पुढे व्हिडिओ पाहताना आजोबा पुढे सरकून बसले. "मी असा चालतो? लयच तोऱ्यात चालून राह्यलो की!" घरभर हशा उठला. मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

गेल्या वर्षी ती नागपूरला लेकीकडे राहायला गेली. त्याआधी आम्ही मिळून केलेलं शेवटचं लग्न किन्हीराजाला होतं. फोटोंचं काम तिनं परस्पर दुसऱ्याकडे सोपवलं होतं. वरात निघाली तसं हँडल माझ्या हातात दिलं. "आज व्हिडिओ तू कर. मले नाचाचं आहे."

पदर खोचून ती बँडसमोर शिरली आणि दोन्ही हात वर करून अशी नाचली, की बायकांनी तिच्याभोवती रिंगण धरलं. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अवं, माह्याकडं काय पाहतं? नवरीकडं वळव!"

कामात तिचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.