आबांनी रुमालाखाली घेतलेली गिटार

आमच्या घरात म्हशी होत्या, पेंडीची पोती होती, दुधाच्या चरव्या होत्या आणि एक इलेक्ट्रिक गिटार होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, "कितीला घेतली होती हो?" मला काय माहीत! माझ्या आईलासुद्धा कधी कळलं नाही. तो सौदा आबांनी रुमालाखाली केला होता.

आबा म्हणजे माझे वडील. रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचे. त्यांना नाद एकच, पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजाराचा. घ्यायचं काही नसलं तरी जाऊन यायचं. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. पटलं की हात झटकायचा, सौदा पक्का. बाजूला उभं राहून मान कितीही लांब केली तरी कुणाला काही कळत नाही.

मी शाळेत होते तेव्हा गावात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्यातला नट तेव्हा नवखा होता, काटकुळा, मुंबईचा. रोज संध्याकाळी दूध प्यायला कट्ट्यावर यायचा आणि गळ्यात ही गिटार असायची. हिरोच्या गळ्यात गिटार शोभते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. वाजवता येत नव्हतीच. शूटिंग संपलं त्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "या ओझ्यानं मान मोडली. कुणी घेतं का विकत?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढं केला. त्या बिचाऱ्याला काय रीत माहीत! पण त्यानंही हात दिला. रुमालाखाली बराच वेळ काहीतरी चाललं, मग दोघंही खो खो हसले आणि गिटार आबांच्या गळ्यात आली.

घरी आल्यावर आई कडाडली, "ह्ये काय आणलासा? कितीला घेतलासा?"

"हाडापेरानं चांगली हाय," आबा म्हणाले. "आन् रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातंय."

पुढं काही वर्षं ती गोठ्यातल्या खुंटीला लटकत होती. कॉलेजात गेल्यावर मी ती खाली काढली. आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचेही. त्यांनी तारा बदलल्या, एक वायर जोडून ती आमच्या रेडिओला लावून दिली. मी पहिल्यांदा तार छेडली, तसा रेडिओतून असा काही आवाज फुटला की म्हशीनं पान्हाच चोरला. "बंद कर ते!" आबा गोठ्यातून ओरडले. मी बंद केलं नाही. ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही, आणि ते रक्त आबांचंच.

चाचांनी शिकवलं, मी शिकले. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांचा गणपतीतला ऑर्केस्ट्रा होता. पोरगी स्टेजवर गिटार वाजवणार म्हटल्यावर त्यांनी नाकं मुरडली, पण करतात काय? साऱ्या पेठेत गिटार एकच, ती माझ्याकडं. गिटार होती म्हणून मला स्टेजवर जागा होती. ती गेली की मी परत खाली, बायकांच्या घोळक्यात टाळ्या वाजवायला. हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका गणपतीच्या तोंडावर मुंबईचा एक हॉटेलवाला दारात उभा राहिला.

तोवर तो काटकुळा नट मोठा हिरो झाला होता. हॉटेलवाल्याला त्याची गिटार काचेच्या कपाटात मांडायची होती. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. पाठीमागं हिरोनं खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. वरच्या टोकाला सिगारेटचा काळा डाग होता. हात घासून एके ठिकाणी रंग उडाला होता. प्रत्येक ठिकाणी तो असा हात फिरवत होता की जणू देवाची मूर्तीच सापडली. मग त्यानं भाव बोलायला तोंड उघडलं.

"तोंडानं नगा, पावणं," म्हणत आबांनी रुमाल टाकला. आमच्या दोन म्हशींपैकी एक आटली होती आणि वडगावात एक दुसरी त्यांच्या मनात भरली होती. हात झटकला गेला. पुढच्या रविवारी येऊन नेतो, हॉटेलवाला म्हणाला.

मी नुसती पेटले. "आबा, गिटार माझी हाय!"

"तुझी कशी? माझ्या दावणीची हाय."

"मग मला बी इकून टाका!"

"बघतोय की, स्थळं येत्यातच."

घरातले सगळे हसले. मी पिशवीत दोन कपडे कोंबले आणि एस.टी. धरून हुपरीला मावशीकडं निघून गेले. मावशीच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. दिवसभर ठोकाठोक. त्या ठेक्यावर माझी बोटं आपोआप मांडीवर हलायची आणि मला रडू यायचं. मावशी म्हणाली, "गिटारीसाठी रडती व्हय गं? म्हशीसाठी रडल्याली बघितल्यात मी." तरी तिनं मला जवळ घेतलं.

रविवारी सकाळी परतले. म्हटलं, शेवटचं वाजवून तरी घेऊ. पुढच्या सोप्यात पाऊल टाकलं आणि थिजलेच. गिटार कॉटवर निजवलेली. लालभडक! बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात ना, तो लाल. मानेवर हिरवे पट्टे. टोकाला रंगीत गोंडा. शेजारी आबा नवरीच्या बापासारखे ऐटीत बसलेले.

"बाजारात जनावर मळकं न्हेत्यात व्हय?" आबा म्हणाले. "तीन दिस घासलीया. तो काळा डाग बी घालवला. पाठीमागं कुणीतरी वरबडून ठेवलं हुतं, तिथं लांबी भरून बुजवून टाकलं. बघ, आता हात फिरीव."

मी हात फिरवला. नाव नाही, डाग नाही, काही नाही. गुळगुळीत! मला ओरडावं की नाचावं कळेना. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

हॉटेलवाल्यानं गिटार उचलली, उलटी केली, परत सुलटी केली. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"अहो, हे काय केलंत तुम्ही? त्याचं नाव कुठंय?"

"नवी करून दिली की! रंगाचं पैसं नगंत."

"मला नवी नको होती हो! मला तो डाग हवा होता!"

"डाग?" आबांनी आ वासला. "डागासाठी एवढा भाव?" मग तेही तापले. "आन् नावच पायजे हुतं तर त्या हिरोलाच टांगा की काचंच्या कपाटात!"

रीत म्हणून त्याला दूध पाजलं. तो ते पिऊन, मान हलवत निघून गेला. गाडी वळली आणि मी हसत सुटले. पोट दुखेपर्यंत हसले. आई हसली, शेजारी हसले. मग माझं लक्ष आबांकडं गेलं. ते गोठ्याकडं बघत होते. आटलेली म्हैस रवंथ करत होती आणि नव्या म्हशीसाठी केलेली शेजारची दावण मोकळीच होती. मला फार वाईट वाटलं. तीन दिवस त्या माणसानं मन लावून काम केलं होतं.

"वाजती का बघ," ते हळूच म्हणाले.

तारा त्यांनी उलट्यासुलट्या बसवल्या होत्या. मी त्या लावून घेतल्या, रेडिओला वायर जोडली आणि वाजवायला लागले. आबांनी मांडीवर ठेका धरला. वाजवून झालं तसा त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

"हात आण."

आमच्या घरातल्या बाईमाणसाचा हात कधी त्या रुमालाखाली गेला नव्हता. आई चुलीपुढून उठून आली. मी हात पुढं केला. आबा कुठलं बोट दाबतात, किती आकडा सांगतात, याची मी वाट बघत राहिले. त्यांच्या खरखरीत बोटांना अजून रंगाचा वास होता. त्यांनी कुठलंच बोट दाबलं नाही. माझा अख्खा हात मुठीत घेतला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं झटकला.

"झाला सौदा," ते म्हणाले आणि चरवी उचलून धारेला गेले.

आईनं मला गाठलं. "कितीला दिली गं?"

"रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातंय, आई," मी म्हणाले.