पोर्चमधली पिकअप

ती पिकअप आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हौद्यात कोंबड्यांची पिसं होती. सासवडच्या पुढे एका शेतघरामागे ती कित्येक वर्षं उभी होती आणि मालकाने तिचं खुराडं करून टाकलं होतं. ऑफिसच्या सहलीवरून परतताना नवऱ्याला ती दिसली. गोल बोनेट, दोन माणसांची केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. त्याच्या लहानपणी अशाच गाडीतून त्यांच्या गल्लीत बर्फाच्या लाद्या यायच्या म्हणे. हे त्याने मला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदा सांगितलं, तेही गाडीचा सौदा झाल्यानंतर.

कात्रजला आमचं छोटं रो-हाउस आहे. पोर्च जेमतेम एका गाडीचा. पिकअप आत ढकलली तेव्हा तिचं नाक जिन्याला टेकलं आणि माझी स्कूटर रस्त्यावर गेली. नवरा म्हणाला, दिवाळीपर्यंतचा प्रश्न आहे. कुठली दिवाळी, हे विचारायला हवं होतं.

पहिले काही महिने त्याचा उत्साह बघण्यासारखा होता. शनिवार-रविवार तो व्हिडिओ बघायचा आणि गाडीचं काहीतरी उघडायचा. दारं उतरवली, सीट काढली, डॅशबोर्ड सुटा केला. तिला आतून नवीन करायचं होतं: चामड्याची सीट, भारीतली म्युझिक सिस्टीम, खाली पांढरे झगझगीत दिवे. उघडण्याचा सगळा आनंद त्याने घेतला. निघालेले नटबोल्ट एका बादलीत टाकले, सगळे एकत्र, कुठला कशाचा याचा पत्ता नाही. मग त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नवं काम आलं. तो वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला तो बसलाच. खाली पोर्चमध्ये सांगाडा, त्याच्या आजूबाजूला सुटे अवयव, आणि त्या सगळ्यातून वाट काढत कपडे वाळत घालणारी मी.

मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये दुपारी अकाउंट्स शिकवते. सकाळी घरी असते. त्यामुळे गाडीकडे रोज बघायचं ते मीच. कुरकुरही मीच करायची. रोज जेवताना एकदा तरी मी त्या गाडीचा उद्धार केला असेल. तो म्हणायचा, "हे रिलीज झालं की लगेच घेतो हातात." एक झालं की दुसरं यायचं.

मी सुरुवात केली ती निव्वळ चिडून. मला माझा पोर्च परत हवा होता, दुसरं काही नाही. एके सकाळी बादली ओतली आणि बोल्ट निवडायला बसले. आकाराप्रमाणे बरण्या केल्या. मग पत्र्याचा गंज घासायला घेतला. गंज घासणं हे काम असं आहे की ते संपत नाही, फक्त पुढे सरकतं. एका जागचा तांबडा पापुद्रा काढला की खाली भोक निघायचं, आणि भोक निघालं की मिस्त्री शोधायचा.

भवानी पेठेतला एक डेंटिंगवाला मिस्त्री मिळाला. घरातला धंदाच पत्र्याचा, आजोबांपासूनचा. माणूस गोड बोलणारा, पण येतो म्हणाला की येईलच याची खात्री नाही. आला तरी माझ्याशी बोलायचा नाही. मी काही विचारलं की म्हणायचा, "साहेब आले की बोलू ना मॅडम." साहेब वरच होते, मीटिंगमध्ये. नाना पेठेत सुटे भाग आणायला गेले तर तिथेही तेच. क्लच प्लेट मागितली की काउंटरवरचा माणूस माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचा, आणि नसला की म्हणायचा, "गॅरेजवाल्याशी बोलणं करून द्या." एकदा मी म्हटलं, "गॅरेजवाली मीच आहे." त्याला तो विनोद वाटला.

ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा खालचा भाग पूर्ण कुजला होता. गाडी जॅकवर तिरकी उभी असतानाच मिस्त्री माप घेऊ लागला. मी त्याला म्हटलं, आधी चाकांवर उतरवू, मग माप घ्या. त्याने मान डोलावली आणि तसंच माप घेतलं. नवा पत्रा बसला, झाळला, घासला, दार सुरेख दिसायला लागलं. गाडी खाली उतरवली आणि दार लागेना. वरून लागायचं तर खालून बोटभर बाहेर. मिस्त्रीने दोनदा आपटून बघितलं. मग म्हणाला, साहेबांना दाखवू. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला. तोही चिडला, हत्यारं उचलून निघून गेला आणि बरेच दिवस फोन घेईना. शेवटी आला, न बोलता पत्रा कापला आणि पुन्हा केला. आमच्यात त्यानंतर जी काही दोस्ती झाली ती तेवढीच: तो मला माप दाखवायचा, आणि हिशेबाचं बोलायला साहेबांना हाक मारायचा.

चुका मीही केल्या. गिअरबॉक्समध्ये नवं तेल भरलं आणि खालचा स्क्रू आवळायचा राहिला. क्लासवरून परत आले तर तेलाचा ओघळ फाटकाखालून शेजारच्यांच्या दारापर्यंत गेलेला. शेजारचे काका हातात खराटा घेऊन उभे होते. म्हणाले, "गाडी तुमची, पण तेल मात्र सगळ्या गल्लीला वाटलंत." मी भुसा टाकून संध्याकाळभर रस्ता घासला. नवऱ्याने गॅलरीतून डोकावून विचारलं, मदत करू का. हेडफोन कानात तसाच होता. मी नको म्हटलं.

हळूहळू मात्र ते काम माझ्या अंगात भिनत गेलं. कधीपासून, ते सांगता येणार नाही. क्लासमध्ये पोरं ताळेबंद जुळवत असायची आणि मी मनात ब्रेकचा पाइप कुठून कुठे जातो ते जुळवत असायची. इंजिन बाहेरच्या गॅरेजात करून आणलं. बाकीचं सगळं पोर्चमध्ये झालं. चामड्याची सीट मी रद्द केली, जाड कापडाची शिवून घेतली. खालचे पांढरे दिवे रद्द केले. हौद्याला सागवानी फळ्या लावल्या. आणि मिस्त्रीकडून ड्रायव्हरची सीट पुढे आणि वर घेऊन, वेल्डिंग करून पक्की बसवली. माझी उंची बेताची. मूळच्या सीटवर बसून मला क्लच पूर्ण दाबताच यायचा नाही.

ज्या सकाळी इंजिन पहिल्यांदा धडधडलं, त्या सकाळी मी एकटीच खाली होते. आवाजाने नवरा धावत आला, मीटिंग अर्धी सोडून. त्याचे डोळे भरून आले होते, हे खोटं कशाला सांगू. त्याने मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला, मग आत बसायला गेला. गुडघे स्टिअरिंगला आपटले.

"सीट एवढी पुढे कशाला घेतलीय?"

"माझे पाय पोचावेत म्हणून."

तो हसला. "तू कुठे चालवणार आहेस ही?"

त्यात वाईट हेतू नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि हात धुवायला आत गेले.

तो व्हिडिओ त्याने सगळीकडे पाठवला. लोकांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. नोकरी सांभाळून हे कसं जमवलंस, असं विचारलं. त्याने एक-दोघांना 'बायकोचीही मदत झाली' असं लिहिलेलं मी वाचलं. त्यानंतरच्या रविवारी एक गृहस्थ आले. त्यांचं हायवेला मोठं हॉटेल होतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "वहिनी, फार छान दिसेल. दारातच चौथरा बांधतोय. लोक फोटो काढतील. इंजिन काय, काढून ठेवू, वजन कशाला हवं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चहाचं बघतो म्हणून आत गेला. मी त्याच्यामागे गेले.

"शब्द दिलाय मी त्यांना," तो म्हणाला.

"मला न विचारता?"

"अगं, तूच म्हणत होतीस ना, ही बला जाऊ दे एकदाची. दोन वर्षं रोज ऐकतोय. मला वाटलं, तू सुटशील."

त्याचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. मी कुरकुर केलेली त्याने सगळी ऐकली होती. मी गंज घासताना, बोल्ट आवळताना तो वर होता, त्यातलं त्याने काहीच बघितलं नव्हतं. आणि कुरकुर कधी थांबली, हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मला इतका राग आला की मी बाहेर गेलेच नाही. चहा त्यानेच नेऊन दिला. पाहुणे पुढच्या आठवड्यात ट्रक पाठवतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो आंघोळीला गेलेला असताना, मी फाटक उघडलं आणि गाडी बाहेर काढली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. हाताने आपोआप जुन्या घाटाकडे वळवली. स्टिअरिंग जड, आरसा थरथरत होता, पण चढाला लागेपर्यंत ती छान चालली. मी मोठमोठ्याने बोलत होते बहुतेक, कोणाशी कोण जाणे. मग तापमानाच्या काट्याने वर उसळी घेतली, बोनेटच्या फटींतून वाफ यायला लागली, आणि एका वळणावर इंजिनने मान टाकली. हँडब्रेक धरेना. मी पायाने ब्रेक दाबून बसले, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न देत राहिला. शेवटी तोच उतरला, चाकांमागे दगड लावले आणि मला ऐकू येईल अशा बेताने काहीतरी पुटपुटत निघून गेला.

मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. नवऱ्याला फोन करावा लागला. तो माझ्या स्कूटरवरून आला, पायाशी पाण्याचे कॅन, केस ओले. इंजिन थंड होईपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. बरीच वाहनं गेली.

"परत फिरू या," तो म्हणाला.

"मला घाटमाथ्यावरच्या बोगद्यापर्यंत जायचंय."

"पुन्हा तापेल."

"तापू दे. पाणी आणलंयस ना."

त्याने कॅनचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "तुला ती हवी होती, हे तू बोलली का नाहीस?"

"तू बघितलं का नाहीस?"

त्याने फोन काढला आणि हॉटेलवाल्यांना लावला. मला वाटलं, आता हा म्हणेल की गाडी बायकोने उभी केलीय, तिची आहे, विकायची नाही. तो म्हणाला, "काय सांगू साहेब, मिसेस नाही म्हणतायत. लेडीज सेंटिमेंट, तुम्हाला कळतंच." पलीकडून काहीतरी हसण्याचा आवाज आला. फोन ठेवून त्याने माझ्याकडे अपेक्षेने बघितलं. काम झालं होतं, पण ज्या तऱ्हेने झालं त्याने मी पुन्हा जळफळले. "निदान नीट कारण तरी सांगायचंस," एवढंच म्हटलं आणि रेडिएटरचं झाकण ओल्या फडक्याने उघडलं.

बोगद्यापर्यंत आम्ही अडखळत पोचलो, दोनदा थांबून. तो मागे स्कूटरवर, कॅन सांभाळत. वर थोडी सपाटी आहे, तिथे मी गाडी वळवली. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज खोल आणि एकसारखा येत होता. खाली कात्रज दुपारच्या उन्हात पसरलेलं दिसत होतं. मी क्लासला उशिरा पोचले.

रेडिएटर आता पुन्हा उतरवलाय. आतून बुजलेला निघाला, नवा बनवून घ्यावा लागणार आहे. हँडब्रेकची केबल मिळत नाहीये. रंगावरून आमचं अजून भांडण चालू आहे. त्याला बर्फाच्या गाडीसारखा निळा हवाय, मला तो निळा अजिबात आवडत नाही. परवा शनिवारी तो खाली आला, हेडफोन वर ठेवून, आणि काय करू म्हणाला. मी त्याला पॉलिश पेपर दिला आणि हौद्याचा मागचा फाळका दाखवला. अर्धा तास घासल्यावर त्याने विचारलं, हे संपतं कधी. मी नवा पॉलिश पेपर त्याच्या पायाशी सरकवला. मी गाडीखाली होते.