एका जेवणाचा उपास

मी फारशी बोलत नाही, म्हणून आमच्या तरुण संघात सगळे माझ्यासमोर खुशाल बोलतात. शिवाय माझं अक्षर बरं, म्हणून संघाची वहीही माझ्याकडेच. वहीत लिहायचं तेवढं मी लिहिते आणि जे ‘लिहू नकोस’ म्हणतात ते डोक्यात राहतं. वर्षभरात ते इतकं साठलं आहे की चर्चमध्ये गीत म्हणतानाही तेच आठवतं!

संघ म्हणजे आमच्या परळच्या चर्चमधली पंधरा-वीस मुलंमुली. जगातल्या भुकेल्यांसाठी उपास धरायचा, असं आमचे सेक्रेटरी जॉनदादा यांनी ठरवलं. दादा दादरला ब्लॉकमध्ये राहतात आणि टाय लावून ऑफिसात जातात. नियम सोपा होता. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी जेवायचं नाही. त्या जेवणाचे तांदूळ पिशवीत घालून रविवारी आणायचे. उपासना संपली की पिशव्यांचा लिलाव, आणि आलेले पैसे परदेशातल्या फंडाला. पिशवी आणली की वहीतल्या यादीत नाव.

यादीला भाव आला तो वेगळ्याच कारणाने. मिशनच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला आमच्या संघातून एक मुलगी घेणार होते. दादांनी जाहीर केलं, “शिफारस यादी बघूनच!”

माझी मैत्रीण सुशी दोन वर्षं याच एका गोष्टीची वाट बघत होती. तिचे वडील गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, बोलावलं तर काम. त्या वर्षी बहुतेक दिवस ते तसेच घरी परत येत.

*

पहिल्या उपासाच्या सकाळी दादांनी सगळ्यांना चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. “दुपारी जेवायचं नाही, तर आत्ता पोटाला आधार हवा,” म्हणाले. मुलींना पुऱ्या तळायला बसवलं. मुलांनी पंगत धरून खाल्ल्या, वर बटाट्याची भाजी. तळणाऱ्यांसाठी पीठ उरलं नाही.

सुशीने झारा खाली ठेवून विचारलं, “दादा, आमच्या पोटाला आधार?”

“अगं, तुम्हा मुलींचा उपास जास्त कडक. देवाला तोच आवडतो!”

*

पहिल्या लिलावाला चाळीतल्या बायकाही आल्या होत्या. आमच्याकडच्या बायका तांदूळ तळहातावर पसरून, फुंकर मारून बघतात, तेव्हा कुठे बोली लावतात. एकीने सर्वांत मोठी पिशवी उघडली आणि तोंड वाकडं केलं. निम्मे खडे आणि किडे! पिशवी दादांची होती.

“काय हो, हाच तांदूळ तुम्ही घरी खाता?”

“छे, छे!” दादा दुखावले. “घरी आमच्याकडे कोलम असतो. हा मुद्दाम उपासासाठी आणला.”

*

परदेशातून एक मोठं पोस्टर आलं. त्यावर हाडं दिसणारी एक मुलगी, हातात रिकामी थाळी. खाली इंग्रजीत देशाचं नाव. इंग्रजी मला वाचता येतं. नाव आपलंच होतं.

मी भीतभीत बोट ठेवलं. दादांनी वाचलं, जरा विचार केला आणि नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून टाकली.

“लोकांना वाटेल आपण आपल्यासाठीच मागतोय!” ते म्हणाले. पट्टी सरळ लागली आहे ना, हे बघायला मलाच पुढे उभं केलं.

*

आमच्या शेजारच्या खोलीत मालवणच्या काकी राहतात. एका शुक्रवारी मी उपाशी आहे, हे कळल्यावर त्यांनी ताबडतोब साबुदाण्याची खिचडी करून आणली.

मी म्हटलं, “काकी, आमच्या उपासाला काहीच खायचं नसतं.”

“अगो, उपास आसा म्हणान उपाशी ऱ्हवतंस काय? असलो कसलो तुमचो देव!”

मी खिचडी परत केली. ही गोष्ट संघात सांगितली तेव्हा सगळे हसले. पण पुढच्या उपासाच्या शुक्रवारी संघातली पाच मुलं काकींच्या दारात हजर! वर मला म्हणतात, “साबुदाणा धान्यात धरत नाहीत. नियम तांदळाचा आहे.”

*

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, तो नेमका आमच्या उपासाचा दिवस निघाला. दुकानं बंद, रस्ते ओस. चाळीच्या जिन्यात घोषणा देऊन घसा बसलेले लोक बसले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, मला आणि सुशीला अडवलं.

“काय पोरींनो, तोंडं सुकली ती?”

“आमचा उपास आहे, बाबा.”

“शाब्बास! मुंबईसाठी?”

सुशी म्हणाली, “जगासाठी.”

“असं? मग जगात मुंबई येत नाय वाटतं!”

*

आता जे सांगते ते मला अजून गिळता आलेलं नाही. दुसऱ्या महिन्यात सुशी रिकाम्या हाताने आली. दादांनी सर्वांसमोर विचारलं, “तुझी पिशवी?”

“शुक्रवारी आमच्याकडे चूलच पेटली नाही, दादा.”

“मग तू सोडलंस काय? नव्हतंच ते सोडलं, याला त्याग म्हणत नाहीत.” आणि माझ्याकडे वळून, “हिचं नाव लिहू नकोस.”

पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. तीन वेळा मी लेखणी उचलली आणि तीन वेळा खाली ठेवली. वही माझ्या मांडीवर होती, आणि मी लिहिलं नाही!

*

शेवटी इस्पितळाच्या मिससाहेब मुलगी निवडायला आल्या. पस्तिशीच्या, उंच, गोऱ्या, पण मराठी आपल्यासारखं बोलणाऱ्या. दादांनी वहीतून कागदावर उतरवलेली यादी पुढे केली. सर्वांत वर दादांचीच मावसबहीण एस्तेर. तिच्या सगळ्या पिशव्या वेळेवर.

मिससाहेबांनी यादी हातात धरली, पण वाचली नाही. मुलींना ओळीत उभं करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “माणूस उपाशी असला की काय होतं?”

एस्तेर म्हणाली, “आत्मा हलका होतो.” दादांनी मान डोलावली. दुसरी म्हणाली, “प्रार्थनेत मन लागतं.”

सुशी ओळीच्या टोकाला होती. तिने खाली बघत सांगितलं, “आधी पोटात दुखतं. पाणी प्यायलं की घटकाभर थांबतं. मग उठताना भिंत धरावी लागते. लहान पोर असलं तर ते आधी रडतं. रडायचं थांबलं की त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. आणि धान्य आलं तरी एकदम भात घालायचा नाही, उलटी होते. आधी पेज. तीही चमच्याचमच्याने.”

दादा घाईने पुढे आले.

“मिससाहेब, हिचं नाव यादीत नाही. हिचा उपास संघाचा नव्हे, घरचा आहे!”

मिससाहेबांनी यादीची घडी घालून ती दादांच्या हातात परत दिली. मग सुशीच्या अनवाणी पायांकडे बघत त्यांनी विचारलं, “बूट किती नंबरचे लागतील तुला?”