दादांचा जबडा आणि वालाची शेंग

मी आमचं गाव कळंब सोडलं त्या दिवशी दादा, माझे वडील, मला एसटीवर सोडायला आले. कॅन्सरमुळे डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याचा तुकडा काढला होता. एसटी आली. त्यांनी माझी बॅग चढवली, तोंडावरचा पंचा सावरला आणि हात केला.

मी बंगळुरूच्या एका लॅबमध्ये निघालो होतो. तिथे पेशींपासून हाड वाढवायचं काम चालतं. जाळीदार साच्यात पेशी सोडायच्या, त्यांना ऊब आणि खाणं द्यायचं आणि वाट बघायची. दादांचा जबडा मीच घेऊन येईन, असं मला वाटे.

घरी दादा पेज पीत, भात कुस्करून गिळत. त्याची कुरकुर नव्हती. पण थंडीत शेतावर पोपटीचं मडकं विस्तवात लागलं की ते उठून जात. भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भाजलेली वालाची शेंग दातांत धरून ओढायची असते. दाणे सोलून दिले, तर ते हात लावत नसत.

माझं हाड वेळेत झालं नाही. सर्जननी दादांच्याच पायातलं हाड घेऊन जबडा बांधला, पुढे त्यावर दात बसवले. मी थोडा हिरमुसलो होतो. फोनवर दादा जरा बोबडं बोलले, पण खुशीत होते. "तुझं पीक कधी यायचं रं? माझी तर कापणी झाली!"

त्या थंडीत मी घरी गेलो. मडकं उघडलं तसा पाल्याचा वास पसरला. आई सवयीने दाणे सोलायला बसली.

"मी काय बाळ हाय काय गं?" दादांनी शेंग उचलली.

"अवो, दमानं!"

त्यांनी शेंग दातांत धरली आणि ओढली. मग रिकामं साल आम्हाला दाखवलं. "बघताय काय? खावा, नायतर मीच संपवीन." आई हसता हसता रडली आणि त्यांच्यापुढे शेंगांचा ढीग लावत राहिली.

गेल्या वर्षी दादा हृदयविकाराने गेले. लॅबमध्ये आता नखाएवढे हाडाचे तुकडे वाढतात. पायातलं हाड न काढता अख्खा जबडा बांधायला अजून वेळ आहे. साचा इन्क्युबेटरच्या उबेत ठेवताना मला पोपटी आठवते आणि हसू येतं. दोन्हीकडे झाकून ठेवायचं असतं, सारखं उघडून बघायचं नसतं.

दादा नाहीत. आई कळंबला आहे. थंडीत मी घरी जातो आणि पोपटी लावतो.