दाजींच्या तळहातावरचा पतंग

एका संध्याकाळी निपाणीहून दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या आक्काच्या नवऱ्याचा, मला बेळगावात फोटो आला. खाली एवढंच, "हे काय असतंय रं?"

फोटोत त्यांचा तळहात, त्यावर चिमूटभर तंबाखू आणि तंबाखूवर एक चिमुकला पतंग. अंग काडीसारखं, पंख दोन्ही बाजूंना ताठ. कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस हात आडवे करून ट्रक अडवतो ना, थेट तसा. पतंगांचे फोटो काढत हिंडायचा छंद मला पन्नाशीत जडला आणि घरच्यांनी त्यावर मनसोक्त हसून घेतलं. त्यामुळे कुणी आपणहून काही विचारलं की माझ्या अंगात न्यायाधीश संचारतो.

मी फोटो आमच्या पतंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच एकाने सांगितलं, "तंबाखूतली कीड. साठा तपासा." मी दाजींना फोन लावला आणि भारदस्त आवाजात निकाल वाचून दाखवला.

दाजी म्हणाले, "उद्या व्यापारी येणार हाय वखारीत. कीड म्हटली की त्यो पोत्याला हात लावायचा न्हाय. वर्षाचा माल हाय रं समदा."

मागून आक्का म्हणाली, "इचारा त्याला, लई शाना झालाय, पोती आता बेळगावात नेऊन ठेवतोस काय म्हणावं."

माझ्यातला न्यायाधीश खुर्ची सोडून पळाला.

तेवढ्यात ग्रुपवरच्या एका बाईंनी विचारलं, "हा सापडला कुठं? तंबाखूतच?" मी तोच प्रश्न दाजींना केला.

"न्हाय. घरामागच्या परड्यात, पावट्याच्या वेलावर हुता."

"मग तंबाखूवर कसा आला?"

"मीच घेतला की हातावर. नमुना दाखवायचा तर तळहातावरच दाखवायचा. आन् आमच्या हाताला तंबाखू असतीयाच."

व्यापाऱ्याला माल दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, तो पतंगही तसाच दाखवणार. यात त्यांचं काय चुकलं?

बाईंनी दुसरा फोटो मागितला, पांढऱ्या भिंतीवर, जवळून. आक्काने पतंग पेल्याखाली कोंडला होता, म्हणून बरं. या फोटोत पंख चिरलेले दिसले, पिसांसारखे झुपकेदार. बाईंनी लिहिलं, "पिसपंखी पतंगांपैकी आहे. नेमकी जात फोटोवरून सांगणार नाही. पण यांच्यातल्या काहींच्या अळ्या पावट्याच्या शेंगा पोखरतात. पोत्यातल्या तंबाखूची काळजी नको."

मी कळवलं. दाजींनी सोडलेला सुस्कारा मला बेळगावात ऐकू आला. आक्काचा आवाज मात्र चढला. "म्हंजे ह्यांची तंबाखू सुटली आन् माझा पावटा गावला व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी निपाणी गाठली. व्यापाऱ्याने तंबाखू चोळली, हुंगली, सौदा ठरला आणि दाजींनी त्याला जेवायलाच बसवून घेतलं. आक्काने सकाळभर एकेक शेंग उजेडाला धरून, सोलून पावटा निवडला होता. व्यापाऱ्याने पावट्याची आमटी दोनदा मागून घेतली.

"पावटा लई ग्वाड हाय, वैनी. कुठला?"

दाजींनी माझ्याकडे डोळे वटारले. मी निमूट भात कालवू लागलो.

"परड्यातलाच," आक्का म्हणाली, "तुमी तंबाखू बगताय न्हवं, त्याहून बारीक बगून घेतलाय."