मागच्या सीटचं माप

रिटायर झालेला माणूस काय करतो? पारावर बसतो, नातवंडं खेळवतो, नाहीतर वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून आपल्या वयाचे किती गेले ते बघतो. उत्तमराव पगारेंनी यातलं काहीएक केलं नाही. शहाण्णव सालच्या जूनअखेर ते साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, आणि पंधरा दिवसांत त्यांनी आपली बुलेट पार उघडून कोपरगावच्या घरापुढच्या अंगणात मांडली. शेजारच्या राहीबाई कुंपणावरून डोकावल्या आणि सगळ्या गल्लीला सांगून आल्या की पगारेभाऊंना रिकामपण बाधलं.

रिकामपण कसलं बाधतंय! उलट आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दसऱ्याला सुट्टी मिळणार होती. दरवर्षी दसऱ्याच्या आगंमागं कारखान्याचा बॉयलर पेटायचा, आणि बॉयलर पेटताना फिटर जागेवर पाहिजे. त्यामुळं नागपूरच्या दीक्षाभूमीला वस्तीतून ट्रक निघायचा तेव्हा उत्तमराव हातात पाना घेऊन वाफेची गळती शोधत असायचे. त्यांचं एक राहिलं. पण खरं राहिलं होतं ते त्यांच्या बायकोचं, चांगुणाबाईंचं.

छप्पन्न साली चांगुणाबाईंचे वडील मनमाडहून रेल्वेनं नागपूरला दीक्षा घ्यायला गेले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना नेमका गोवर निघाला. दादा, म्हणजे वडील, थोरल्या भावाला घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "तुला पुढच्या वर्षी नेतो." ते पुढचं वर्ष काही आलं नाही. आधी दादांकडूनच राहिलं, मग लग्न, लेकरं, नवऱ्याचा बॉयलर. दोन वर्षांपूर्वी त्या हट्टानं एकट्या ट्रकमध्ये चढल्या. पण कमरेचं दुखणं जुनं, फळीवर बसून दणके खाल्ल्यावर वैजापूरलाच त्यांना उतरावं लागलं. एसटीनं परत आल्या आणि चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत रेल्वेतही पाय ठेवायला जागा नसते. यंदा दीक्षेला चाळीस वर्षं होत होती. उत्तमरावांनी मनाशी पक्कं केलं, चांगुणाला नागपूरला न्यायचं, आणि अशा थाटात न्यायचं की कमरेला खबर लागता कामा नये.

हा थाट त्यांच्या डोक्यात भरला तो शिर्डीच्या रस्त्यावर. एका हॉटेलात ते चहा पीत होते, तेवढ्यात एक परदेशी जोडपं मोटरसायकलवर येऊन थांबलं. गाडी कसली, फिरतं घरच! पुढं वाऱ्याला अडवणारी काच, दोन्ही अंगाला पत्र्याच्या पेट्या, आणि मागच्या सीटला पाठ टेकायला चक्क गादी. मागं बसलेली बाई उतरायच्या आधी झोपेतून जागी झाली. झोपेतून! उत्तमरावांचा चहा हातातच राहिला. ते उठले, आणि संकोच बाजूला ठेवून त्यांनी सगळी गाडी वितीनं मोजली. तो गोरा हसला, आणि खाली बसून पेटीचे बोल्ट कुठून घेतलेत तेही दाखवू लागला. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण अर्धा तास गप्पा झाल्या. घरी येऊन उत्तमरावांनी कॅलेंडरच्या पाठीवर तशा गाडीचा नकाशा काढला. रात्री त्यांना जेवणाची शुद्ध नव्हती.

मग सुरू झाली खरी मजा. उत्तमरावांची बुलेट म्हणजे भिंगारला फौजेच्या लिलावात घेतलेली. काळ्या रंगाचा टवका उडाला की खालचा हिरवा अजून दिसायचा. तिला सजवायचं सामान बघायला ते नगरला गेले. दुकानदारानं पुढ्यात जत्रा मांडली. लुकलुकणारे दिवे, गाणं म्हणणारा हॉर्न, टाकीवर चिकटवायचा वाघ, हँडलला लावायच्या रंगीत झिरमिळ्या. उत्तमराव प्रत्येक वस्तू हातात घेत आणि एकच विचारत, "याचा आमच्या मंडळींच्या कमरेला काय उपयोग?" वाघ बाद झाला. हॉर्न बाद झाला. पुढची काच पास झाली, कारण वारा लागला की कंबर धरते. मऊ रबराच्या मुठी पास झाल्या, कारण चालवणाऱ्याचे हात अवघडले की गाडी खड्डा चुकवत नाही. मागचे शॉकॲब्सॉर्बर नवे घेतले. आणि डाव्या हाताला जादा आरसा घेतला. तो कशाला, म्हणून दुकानदारानं विचारलं, तर हे जरा लाजले. मागं बसलेल्या माणसाचं तोंड दिसावं म्हणून, असं काही सांगता येतं का चारचौघांत?

पेट्या मात्र त्यांनी स्वतः केल्या. तीस वर्षं ज्यानं वाफ कोंडून धरली त्याला दोन पेट्या जड आहेत होय! उजव्या पेटीला सायलेन्सरची धग लागू नये म्हणून मध्ये वेगळा पत्रा टाकला. डाव्या अंगाला साडी गार्ड आणि बायकांनी पाय ठेवायची लांब फळी होती, ती पेटीच्या आड येत होती. उत्तमरावांनी दोन बोल्ट सोडले, गार्ड आणि फळी काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकली. पेटी अशी बसली की बघत राहावं.

नवे शॉकॲब्सॉर्बर पारखायची त्यांची रीत तर अजब होती. मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधायचं, त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला डबा, आणि येवल्याच्या खडबडीत रस्त्यानं चक्कर मारून यायची. परत आल्यावर डब्यात किती पाणी उरलं ते पट्टीनं मोजायचं. पोरंटोरं मागं धावायची. राहीबाई म्हणाल्या, नाकापेक्षा मोती जड झालाय. पण आठव्या दिवशी अर्ध्याच्या वर पाणी उरलं आणि उत्तमरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोत्याला पाय नसतात, एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गादीसाठी ते भिंगारला रंगनाथकडे गेले. रंगनाथ फौजी जीपच्या सीटा शिवणारा, मोजून बोलणारा माणूस. त्याच्याकडं टेप नव्हता. तो ओल्या वाळूनं भरलेला ट्रे स्टुलावर ठेवायचा, गिऱ्हाइकाला त्यावर गोणपाट टाकून बसवायचा, आणि उठल्यावर वाळूत उमटलेला खळगा बघून फोम कापायचा. उत्तमराव स्वतः बसले.

रंगनाथ म्हणाला, "हे पुढचं झालं. मागं कोन बसनार? त्यांना आना."

हा सगळा थाट कशासाठी चाललाय ते चांगुणाला आधी कळून कसं चालेल? उत्तमरावांनी सांगितलं की मागचंही माप मीच देतो.

"गादी बसनाऱ्याची अस्ती, उत्तमराव," रंगनाथ म्हणाला, "घेनाऱ्याची नसती." पण गिऱ्हाईक ऐकेना तेव्हा त्यानं तेही माप घेतलं. पाठ टेकायची गादी तर त्यानं झकास केली, चॉकलेटी रेक्झिन, पांढरी शिलाई.

दसऱ्याला बारा दिवस असताना उत्तमरावांनी गाडी धुऊन पुसून ओट्याला लावली आणि मुलगी अश्विनी हिला सांगितलं, आईला बाहेर आण. चांगुणाबाई पदराला हात पुसत आल्या. यंदा नागपूरला यावरूनच जायचं, असं उत्तमरावांनी जाहीर केलं. त्यांनी काच बघितली, पेटीचं झाकण उघडून झाकलं, गादीवरनं हात फिरवला. "लई मऊ हाय," म्हणाल्या, आणि हसल्या. उत्तमरावांना वाटलं, जिंकलं!

मग त्या डाव्या अंगानं, बायका बसतात तशा, एका बाजूला पाय सोडून बसायला गेल्या. पाय सोडायचे कुठं? तिथं पेटी. त्यांनी पाय पेटीवर घेतले तर गुडघे हनुवटीला टेकले. आणि ती झकास पाठगादी पाठीला लागायच्या ऐवजी त्यांच्या डाव्या बरगडीत रुतली. त्या कमरेवर हात ठेवून हळूच उतरल्या.

"हे कुनासाठी केलं?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. खरंच विचारलं होतं. उत्तमरावांची नजर खिळ्याला लटकलेल्या साडी गार्डकडं गेली आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने प्रत्येक वस्तूला चांगुणाच्या कमरेचा उपयोग विचारला. एकट्या चांगुणाला विचारायचं तेवढं राहिलं. त्या परदेशी बाईची सगळी गाडी मोजली, आणि ती बाई पँट घालून दोन्हीकडं पाय टाकून बसली होती, एवढंच मोजलं नाही.

पण माणूस फिटर. त्याच दुपारी त्यांनी डावी पेटी काढली, पाठगादी काढली, गार्ड परत लावला आणि चांगुणाबाईंना जुन्या पद्धतीनं बसवून पुणतांब्यापर्यंत नेऊन आणलं. गादी मऊ होती, रस्ता बरा होता, तरी परत येताना चांगुणाबाईंनी दोनदा गाडी थांबवली. एका अंगाला पिळून बसायचं हेच मुळात त्यांच्या कमरेला सोसत नव्हतं; त्याला रंगनाथ काय करणार आणि शॉकॲब्सॉर्बर काय करणार? अश्विनी म्हणाली, आई, माझा पंजाबी ड्रेस घाल. चांगुणाबाई म्हणाल्या, दीक्षाभूमीवर मी पोरीचे कपडे घालून जाऊ व्हय?

रात्री जेवताना उत्तमराव खाली बघून बोलून गेले, "पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

म्हटलं आणि जीभ चावली. या घरात ते दोन शब्द कुणी उच्चारत नव्हतं. चांगुणाबाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या.

सकाळी उत्तमराव पेट्या कुणाला विकता येतील याचा हिशेब करत अंगणात बसले होते, तर दारात चांगुणाबाई. अंगावर हिरवं लुगडं, त्यांच्या आईचं, भागूबाईंचं, नऊवारी, कासोटा घट्ट खोचलेला. पंचवीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी होतं ते. उत्तमरावांना आधी कळेचना, ही कोण आली.

"ती पेटी लावा परत," त्या म्हणाल्या. "आन् पाठीची गादी बी."

"चांगुणा, हे लुगडं..."

"कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळाली तवा तुमीच सोडायला लावलं हुतं. शोभत न्हाई म्हनालात." त्यांनी कासोट्यावर हात मारला. "माझी आई याच लुगड्यात बैलाच्या पाठीवर बसून ओढा उतरायची. दोन्हीकडं पाय टाकून. तुमच्या गाडीचं काय कवतिक!"

क्वार्टरच्या त्या दिवशी साहेबांच्या बायका सहावारीत बघून आपणच हे बोललो होतो, हे उत्तमरावांना लख्ख आठवलं, आणि फार वाईट वाटलं. पण वाईट वाटत बसायला वेळ कुठं होता? पाना हातात घेतला. अर्ध्या तासात गार्ड निघाला, पेटी बसली, गादी बसली. चांगुणाबाई ओट्यावर उभ्या राहिल्या, उजवा पाय पलीकडं टाकला आणि थेट बसल्या. दोन्ही पाय दोन्ही पायट्यांवर. पाठ गादीला. राहीबाई कुंपणापाशी होत्या, त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"आता चला," चांगुणाबाई म्हणाल्या, "त्या गादीवाल्याकडं. मागचं माप माझं हुतं, ते तुमी देऊन आलाय."

भिंगारपर्यंत शंभर किलोमीटर त्या तशाच बसून गेल्या. रस्त्यानं लोक वळून बघत होते. एका टेम्पोवाल्यानं तर टेम्पो बाजूला घेऊन वाट दिली. रंगनाथनं वाळूचा ट्रे पुढं केला, उमटलेला खळगा बघितला, पाठगादी दोन बोटं खाली घेतली आणि म्हणाला, "आता ही गाडी दोघांची झाली." परतताना उत्तमरावांनी कोपरगावच्या पेठेतून शेवटचं सामान घेतलं, पांढरं शुभ्र नऊवारी लुगडं. अख्ख्या यादीत कमरेच्या उपयोगाचं तेच खरं निघालं, असं ते पुढं सगळ्यांना सांगायचे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पहाट फुटताना ते निघाले. पेट्यांत चपात्या, चटणी, अंथरूण-पांघरूण आणि पाण्याची बाटली. अश्विनी टाटा करत कोपऱ्यापर्यंत आली. गोदावरीचा पूल गेला, ऊन समोरून आलं, उसाची पिकं मागं पडली. उत्तमरावांना गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण काचेच्या आड तोंडातल्या तोंडात गुणगुणण्यावर त्यांनी भागवलं. मधूनमधून डाव्या आरशात बघायचे. पांढरा पदर, मागं टेकलेली पाठ, रस्त्याकडं लागलेले डोळे.

वैजापूरची घरं दिसायला लागली. उत्तमरावांनी आरशात बघितलं. चांगुणाबाईंची मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटलेले. त्यांनी वेग कमी केला, आणि बसस्टँडच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"चांगुणा. अगं, कंबर धरली का?"

चांगुणाबाईंनी डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं, इकडंतिकडं बघितलं. स्टँडसमोरचा तो लिंब त्यांनी ओळखला; त्याच लिंबाखाली दोन वर्षांपूर्वी गाठोडं घेऊन त्या एसटीची वाट बघत बसल्या होत्या.

"डोळा लागला हुता," त्या म्हणाल्या. "कशाला थांबलात? हितं मी मागं उतरले हुते. आज न्हाई उतरायची."

आणि त्यांनी पाठ पुन्हा गादीला टेकवली.